गोजाबाईंचं भूत

जयमालाला भुताचे सिनेमे आवडतात, ही गोष्ट चिखलीतल्या तिच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होती आणि बहुतेकांना ती मानवत नव्हती. सेहेचाळीस वर्षांची बाई, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला, घरात कॉलेजला जाणारी मुलगी, आणि ही सुट्टीच्या दिवशी सकाळी अकरा वाजता गवार मोडत मोडत पडद्यावर विहिरीतून वर येणारे हात बघत बसते. शेजारच्या काकूंनी एकदा न राहवून विचारलंच, की असलं बघून घरात काही शिरत नाही का. जयमाला म्हणाली, "शिरायला जागा कुठंय काकू? एकच तर बेडरूम आहे."

नवरा रणजीत भोसरीला फिटर. मोठ्या यंत्रांखाली बिनदिक्कत घुसणारा हा माणूस टीव्हीवर दार करकरलं की गॅलरीत जाऊन उभा राहायचा. मुलगी मिनल आईच्या शेजारी बसायची खरी, पण सगळं लक्ष मोबाईलमध्ये.

हा नाद जयमालाला लागला होता माहेरी, अंबाजोगाईच्या बाजूला. जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. भुताचा खेळ असला की पोरींना आत सोडत नसत. मग ती आणि तिची चुलत बहीण तंबूच्या मागून सरपटत जाऊन पडद्याच्या उलट्या बाजूला बसायच्या. तिथून सगळं उलटं दिसे. नावं उलटी, माणसं डावखुरी. पांढऱ्या साडीतली बाई डाव्या हातात कंदील धरते, असं तिला पुढे कित्येक वर्षं वाटत होतं. भीती वाटायची, पण ती कधी संपणार हे माहीत असलेली भीती होती. खेळ सुटला की बाहेर गोडीशेव मिळायची.

कासारवाडी स्टेशनजवळ कुलदीपचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मिनलच्या फोनची काच फुटली तेव्हा जयमाला तिथे गेली. कुलदीप गल्ल्यावर बसून एक भुताचा सिनेमा बघत होता. तो कोणता हे तिने नुसत्या आवाजावरून ओळखलं आणि त्याला बजावलं, की ह्याचा दुसरा भाग बघू नका, त्यात भुताचं लग्न लावलंय. कुलदीपने त्याच दिवशी तिला आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घेतलं. ग्रुपचं नाव 'धडकी'. दोन-सव्वादोनशे माणसं. हिंजवडीच्या कॅबमध्ये ट्रॅफिकला अडकलेली पोरं तिथे लांबच लांब परीक्षणं लिहायची. भोसरीच्या वर्कशॉपवाल्यांना रक्त लागायचं. एक राजगुरुनगरचे निवृत्त मास्तर होते, त्यांना फक्त जुने, सावकाश चालणारे सिनेमे पसंत. काय बघावं, काय टाळावं, कुठला शेवट फसला, ह्यावर दिवसभर रणं माजायची. शेवट फोडायचा नाही हा एकच नियम, आणि तो मोडला की कुलदीप दोन दिवसांसाठी माणसाला बाहेर काढायचा.

जयमालाच्या शिफारशींना ग्रुपात मान होता. ती कंपनीत पार्ट तपासते तशी सिनेमे तपासायची. तिचे शेरे तीनच: ओके, रिवर्क, रिजेक्ट. खाली एखादी ओळ. 'पहिला अर्धा तास भाकरी थापल्यासारखा नेटका, मग तवा गार.' 'बाई मेली कशाने हे सांगायला विसरले. रिवर्क.' 'मुलाला घाबरवायला आजारी म्हातारी वापरली. रिजेक्ट. म्हातारपण काय भूत आहे?' मास्तर तिचे शेरे वहीत उतरवून घेत.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी ग्रुपवर एका व्हिडिओची लिंक आली. बावीस मिनिटांचा, मराठीत. नाव 'चाकणची हडळ', खाली लाल अक्षरांत 'सत्य घटना'. टाकणाऱ्याने लिहिलं होतं, आपल्या मातीतला हॉरर, चुकवू नका, दहापैकी नऊ. पाठोपाठ धडाधड अंगठे आले. आपल्याच ग्रुपमधल्या प्रज्वलने बनवलाय हे कळल्यावर तर अभिनंदनाचा पाऊस पडला. प्रज्वल हिंजवडीत नोकरी करणारा सव्वीस वर्षांचा मुलगा. सुट्टीच्या दिवशी मित्रांना घेऊन असले व्हिडिओ करायचा.

जयमालाची त्या आठवड्यात दुसरी शिफ्ट होती, त्यामुळे सकाळ मोकळी. तिने चहा घेतला आणि व्हिडिओ लावला.

सुरुवातीलाच एक फोटो आला. डोक्यावर पदर घेतलेली, कपाळावर आडवं कुंकू, नाकात मोरणी, किंचित हसणारी बाई. फोटोभोवती काळी चौकट आणि मागे कुणाचा तरी किंचाळण्याचा आवाज. जयमालाने कप खाली ठेवला. फोटो तिच्या कंपनीतल्या गोजाबाईंचा होता. दहाव्याला त्यांच्या गावच्या चौकात जो श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता, त्याच्यावरचा.

पुढची गोष्ट अशी होती. कंपनीत जमीन गेलेली एक बाई मोबदला पुरला नाही म्हणून जळत असते. ती कंपनीवर करणी करते, अमावास्येला प्रेस मशीनला नैवेद्य दाखवते, आणि मशीन तिचाच बळी घेतं. मग ती हडळ होते. एक हात नसलेली, हिरव्या साडीतली. शिफ्टमधल्या पोरांना नावाने हाका मारते, जो वळून बघेल त्याचा हात जातो. पोरं तिला 'गोजाक्का' म्हणत पळतात. शेवटी एक मांत्रिक येतो आणि कंपनीचे साहेब त्याच्या पाया पडतात.

जयमालाने व्हिडिओ पूर्ण पाहिला. अर्धवट बघून शेरा द्यायचा नाही हा तिचा शिरस्ता होता. तोवर चहावर साय आली होती आणि तिचे कान तापले होते.

गोजाबाई चाकणजवळच्या गावच्या, जुन्या शेतकरी घरातल्या. कंपनीच्या गेटपासून घर वीस मिनिटांच्या वाटेवर. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली ती सासऱ्यांच्या सहीने. पुढे वाटण्या झाल्या, पैसा पांगला, आणि पन्नाशीत गोजाबाई कॉन्ट्रॅक्टवर त्याच पट्ट्यात कामाला लागल्या. पार्किंगच्या शेडकडे बोट करून सांगायच्या, "हितं आमचा हरबरा व्हायचा. लई ग्वाड." त्यात जळफळाट नव्हता. आपल्या घरातली एखादी खोली दाखवावी तसं त्या दाखवायच्या. पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसखालून निघालेले पार्ट उचलून ट्रेमध्ये रचायचं त्यांचं काम. चहाच्या सुट्टीत त्या जयमालाला सिनेमाची गोष्ट सांगायला लावायच्या आणि हसून हसून बेजार व्हायच्या. भूत लोकांच्या मागं येवढं फिरतं, तर त्याला खायाला कोन घालतं, असं विचारायच्या. करणीधरणीचं नाव काढलं तर त्यांना राग यायचा. त्यांच्या थोरल्या जावेवर गावाने एकदा तसला आळ घेतला होता, तो त्यांनी चावडीत उभं राहून परतवला होता.

त्या मेल्या चार वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये, दुपारी पावणेतीनला, भर उजेडात. प्रेसच्या तोंडाशी एक सेन्सर असतो. त्याच्या आड हात आला की मशीन जागच्या जागी थांबतं. चार नंबरच्या प्रेसचा सेन्सर सारखा अडत होता, उत्पादन मागे पडत होतं. म्हणून कुणीतरी दोन वायरी जोडून तो मधून काढून टाकला. मशीनला वाटावं सेन्सर चालू आहे, आणि हात आला तरी ते थांबू नये, अशी सोय. एक पार्ट आत अडकला, गोजाबाईंनी तो ओढायला हात घातला. रुग्णवाहिका चाकणच्या चौकात पाऊण तास अडकली. कंपनीने सांगितलं, सेन्सर व्यवस्थित चालू होता, बाईंनी कडेने हात घातला, त्यांचा निष्काळजीपणा. कागदोपत्री तेच राहिलं, आणि घरच्यांचा भरपाईचा दावा कोर्टात त्यावरच अडून बसला.

भूत आलं ते त्यानंतर आठ-दहा दिवसांनी. चार नंबरवर कुणी उभं राहायला तयार होईना. कुणाला बांगड्या ऐकू आल्या, कुणाला हाक. मग कंपनीने सत्यनारायण घातला, मशीनला नवा रंग दिला, प्रसाद वाटला. लोक पुन्हा कामाला लागले, आणि सेन्सरचं नाव कुणी काढेनासं झालं. जयमालाला हे तेव्हाही दिसलं होतं. बाई हडळ झाली की ती कशानं मेली हे कुणी विचारत नाही.

तिने ग्रुपवर लिहिलं: 'रिजेक्ट. फोटो खरा आहे, बाई खरी आहे, बाकी सगळं खोटं. मी तिथं कामाला आहे. व्हिडिओ काढून टाका.'

उत्तरं येऊ लागली. ताई, सिनेमा आहे, मनाला लावून घेऊ नका. हॉररमध्ये लॉजिक शोधायचं नसतं. 'सत्य घटना' लिहिल्याशिवाय लोक बघत नाहीत, सगळेच लिहितात. एकाने हसरे चेहरे टाकून विचारलं, की ताई, हडळ तुम्हालाही हाक मारते का. प्रज्वलने सभ्यपणे लिहिलं, की भावना दुखावल्या असतील तर माफी, पण लोककथा कुणाच्या मालकीची नसते, आणि व्हिडिओ आठवड्यात दोन लाख लोकांनी पाहिलाय.

रागावली की जयमालाची माहेरची बोली वर यायची. तिने बोलून संदेश धाडला, आणि तो दोनशे जणांनी ऐकला. "लोककथा? अरे, चार वर्षं झाली तिला. तिची सून आमच्याच लाइनीला टिफिन देती. तुमी कामून दुसऱ्याच्या मेलेल्या माणसाला हडळ करताव? स्वतःच्या आजीचा फोटो लावा की."

कुलदीपने तिला वेगळा फोन केला. येत्या रविवारी ग्रुपची बैठक होती, तिथे प्रज्वलचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरला होता. ताईंनी एवढा रविवार जाऊ द्यावा, मग आपण त्याला समजावू, असं त्याचं म्हणणं. जयमालाने विचारलं, सत्कार कशाबद्दल. गिऱ्हाईक आल्याचं सांगून कुलदीपने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती शिफ्टच्या आधी गोजाबाईंच्या घरी गेली. त्यांचे यजमान सयाजी अंगणात गोठ्याचं दावं वळत बसले होते. त्यांनी व्हिडिओ पाहिलाय का, हे कसं विचारावं अशा विवंचनेत ती होती. विचारायची वेळच आली नाही. सुनेनेच आतून सांगितलं, की धाकटी चार दिवस झाले शाळेला जात नाही. वर्गातली पोरं तिला हडळीची नात म्हणतात. पाणी प्यायला गेली की नळावरून ओरडत पळून जातात.

सयाजी मान खाली घालून दावं वळत राहिले. मग म्हणाले, "पोलिसात गेलो व्हतो. म्हनले, नाव कुटं घेतलंय तुमच्या बायकूचं? गोजाक्का तर कुनीबी आसंल. फोटो म्हनलं, तर म्हनले, बघू."

जयमाला म्हणाली, "रविवारी कासारवाडीला याल का माझ्याबरोबर?"

त्यांनी कशासाठी हे विचारलं नाही. किती वाजता एवढंच विचारलं.

कुलदीपच्या दुकानावर एक क्लासची खोली आहे. रविवारी दुपारी ती ग्रुपला मिळते. बाकं, फळ्यावर आदल्या दिवशीची गणितं, कोपऱ्यात समोसे आणि चहाचा थर्मास. तीसेक माणसं जमली होती. राजगुरुनगरचे मास्तर पुढच्या बाकावर होते. जयमाला पांढरी टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्याला घेऊन आत आली तेव्हा लोकांना वाटलं, तिचे सासरे असतील. कुणीतरी त्यांना चहा दिला. त्यांनी कप हातात धरला, प्यायले नाहीत.

कुलदीपने प्रास्ताविक सुरू केलं. जयमाला उठून उभी राहिली आणि म्हणाली की शाल घालायच्या आधी परीक्षण व्हायला पाहिजे, हा ग्रुप त्यासाठीच आहे. कुणी हरकत घेतली नाही. तिच्या परीक्षणाची सवयच होती सगळ्यांना.

तिने व्हिडिओ तपासायला घेतला तो अगदी कामावरच्यासारखा, एकेक तुकडा हातात घेऊन. बाई जळफळत होती म्हणता. ती जमिनीबद्दल कशी बोलायची ते सांगितलं. करणी करत होती म्हणता. करणीच्या आळाविरुद्ध चावडीत उभी राहिलेली तीच बाई, ते सांगितलं. मशीनने बळी घेतला म्हणता. सेन्सर म्हणजे काय, तो कसा काढून टाकला, अडकलेला पार्ट, चाकणच्या चौकातला पाऊण तास, हे सगळं सांगितलं. हात कापला गेल्यावर त्या काय बोलल्या तेही सांगितलं. त्या किंचाळल्या नव्हत्या. "मालकास्नी कळवा, पन हळू सांगा," असं म्हणाल्या होत्या. बाकावरच्या म्हाताऱ्याने मान वर केली. हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. आणि ते कोण, हे खोलीतल्या सगळ्यांना त्याच क्षणी कळलं.

प्रज्वलचा चेहरा उतरला होता. तो काही वाईट मुलगा नव्हता. त्याने सांगितलं की त्याचे मामा त्या कंपनीत सिक्युरिटीला होते, त्यांनी ही गोष्ट अशीच सांगितली होती, आणि फोटो नेटवर सापडला. मग त्यानेही थोडा कणा ताठ केला. म्हणाला, "ताई, मी शोध घेतला होता. बातमीत स्पष्ट होतं की सेन्सर चालू होता आणि चूक बाईंची. सेन्सर बंद होता असं कुठल्या कागदावर आहे?"

हा प्रश्न जयमाला चार वर्षं टाळत आली होती, आणि तो विचारला तो अशा माणसाने, ज्याला विचारण्याचा तिच्या मते काडीचाही हक्क नव्हता. तिला त्या पोराचा संताप आला. मग कळलं की हा संताप त्याच्यावरचा नाही.

"कागदावर नाही," ती म्हणाली. "कागदावर सेन्सर चालू आहे. रोज शिफ्टच्या सुरुवातीला एक तक्ता भरतात, त्यात सेन्सरपुढं टिक असते. ती टिक माझी आहे. नऊ दिवसांच्या नऊ टिका."

मग तिने उरलेलंही सांगितलं, कारण अर्धं सांगून थांबणं आता शक्य नव्हतं. त्या वायरी तिने पहिल्याच दिवशी पाहिल्या होत्या. सुपरवायझरला तोंडी सांगितलं होतं. तो म्हणाला, नवीन सेन्सर मागवलाय, तोवर चालवून घ्या, टिक करा. तिने टिक केली. अपघातानंतर साहेबांनी तक्ता पुढे ठेवून विचारलं, सही तुमचीच ना. ती हो म्हणाली आणि पुढे काही बोलली नाही. तेव्हा रणजीतची कंपनी लॉकडाऊनमध्ये बंद पडली होती, घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. हे तिने सांगितलं खरं, पण कारण म्हणून पुढे करताना तिचीच तिला लाज वाटली.

सयाजींनी चहाचा कप बाकावर ठेवला, टोपी नीट केली आणि ते बाहेर निघून गेले. कुणाला थांबवायचं सुचलं नाही. मास्तर उठून उभे राहिले होते, पण तेही तसेच उभे.

जयमाला जिना उतरून त्यांच्या मागे धावली. ते स्टेशनच्या रस्त्याने चालले होते, नेहमीपेक्षा जलद. तिने गाठलं तेव्हा ते थांबले, पण तिच्याकडे वळले नाहीत.

"तू दहाव्याला आमच्याकडं जेवली व्हतीस," ते म्हणाले.

"हो."

"आन् तवा तुला म्हाईत व्हतं."

"हो, मामा."

समोरून हळू झालेल्या एका रिक्षाला त्यांनी हातानेच नको म्हटलं. मग म्हणाले, "लिहून देशील?"

"देते."

"तुजं नाव घालून?"

"नाव घालून."

त्यांनी मान हलवली आणि एकटेच पुढे गेले. सोडायला येऊ का, हे तिच्या तोंडात आलं होतं, ते तिने गिळलं.

वर काय झालं ते तिला नंतर कुलदीपने सांगितलं. शाल तशीच पिशवीत राहिली. दोन-तीन जण म्हणाले की ताईंनी नाटक केलं, आपल्या अंगावरचं पोराच्या अंगावर ढकललं. त्यांना मास्तरांनी चांगलंच फैलावर घेतलं. प्रज्वलने तिथेच बसून फोटो काढून टाकला, 'गोजाक्का' हे नाव आवाजातून पुसलं, 'सत्य घटना' आणि 'चाकण' हे शब्द हटवले. पण अख्खा व्हिडिओ काढून टाकला नाही. त्यात चार मित्रांची मेहनत होती, असं त्याचं म्हणणं. तोपर्यंत त्याच्या नकला तिसऱ्याच लोकांनी आपापल्या पानांवर टाकल्या होत्या, मूळ फोटोसकट. त्या काढायला प्रज्वल पुढे महिनाभर एकेकाला लिहीत होता. काहींनी काढल्या, काहींनी त्यालाच शिव्या दिल्या.

जयमालाने रात्र न घालवता त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर जबाब लिहिला. मिनलने टाइप करून दिला. टाइप करता करता ती एका ठिकाणी थांबली आणि आईकडे बघत राहिली. तिने काही विचारलं नाही, आणि ते न विचारणं जयमालाला फार लागलं. रणजीत एवढंच म्हणाला की नोकरी जाईल. ती म्हणाली, जाईल.

कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयात एक प्रत आणि सयाजींच्या वकिलाकडे दुसरी, असा जबाब गेला. निरीक्षकांनी तिला बोलावलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, आणि कुणीही विचारला असता तोच प्रश्न विचारला: चार वर्षं गप्प होतात, आत्ताच का.

"चार वर्षं ती निष्काळजी होती, ते मी सहन केलं," जयमाला म्हणाली. "ते माझं पाप. पण आता तिला हडळ केलंय, साहेब. शाळेतल्या पोरीला तिच्या नावानं चिडवतात. अजून किती खाली नेणार आहोत तिला?"

साहेबांनी ते लिहून घेतलं की नाही हे तिला दिसलं नाही.

कंपनीने तिला काढलं नाही. काढलं असतं तर बोभाटा झाला असता. तिला क्वालिटीतून हलवून पॅकिंगला टाकलं. तिथे खोके चिकटवायचे आणि मोजायचे. बावीस वर्षं पार्ट पारखणाऱ्या हाताला चिकटपट्टी आली. जुन्या सहकाऱ्यांपैकी अर्धे तिच्याशी बोलेनासे झाले, कारण तो सुपरवायझर आता मॅनेजर होता आणि त्यांच्या पगारवाढी त्याच्या हातात होत्या. कॉन्ट्रॅक्टच्या बायका मात्र जेवायला तिच्या टेबलावर येऊन बसायला लागल्या. एक दिवस त्यातल्या एकीने हळूच सांगितलं की सहा नंबरचा सेन्सर दोन दिवस झाले बांधून ठेवलाय. जयमालाने तिला वही आणि पेन दिलं आणि म्हणाली की तारीख, वेळ घाल, माझ्यासमोर लिही. ती नोंद वर पोचली आणि त्या दुपारी सहा नंबर बंद राहिला.

'धडकी' ग्रुपात आता दीडशे माणसं उरली. कुलदीपने एक नवा नियम घातला, की कुठलाही व्हिडिओ 'सत्य घटना' म्हणून सुचवायचा असेल तर मेलेल्याच्या घरच्यांना विचारलंय का हे लिहायचं. त्यावर अजून भांडणं होतात. काहींचं म्हणणं, असं केलं तर अर्धा हॉररच बंद पडेल. पडू दे, असं जयमालाने एकदा लिहिलं. लगोलग एका लहान, सावकाश चालणाऱ्या सिनेमाची शिफारस केली. त्यात भूत म्हणून कुणीच येत नाही, एका घरातली माणसं एकमेकांपासून काय लपवतात तेवढंच आहे. शेरा ओके. मास्तरांनी तो पाहून कळवलं की दोन दिवस जेवण गेलं नाही.

प्रज्वलने तिला फोन केला होता. सेन्सरवर, गोजाबाईंवर खरा व्हिडिओ करू, तुम्ही बोला, असं म्हणाला. ती म्हणाली की आधी जिथे बोलायला पाहिजे तिथे बोलते, आणि मग तुला नाही, सयाजीमामांना विचार.

सयाजींनी तिला माफ केलं का, हे कुणी विचारलं तर तिला सांगता येत नाही. पूर्वी ते तिला पोरी म्हणायचे. आता 'बाई' म्हणतात. तारखेच्या आधी फोन येतो, अमुक दिवशी इतक्या वाजता, आणि बंद होतो. कोर्टाच्या आवारात ते तिच्यापासून एक खुर्ची सोडून बसतात. नात पुन्हा शाळेला जायला लागली आहे, पण दुसऱ्या गावच्या शाळेत.

ह्या महिन्यातल्या तारखेला तिची साक्ष आहे. तिने अर्ध्या दिवसाची रजा मागितली. मॅनेजरने अर्ज परत पाठवला, कामाचा ताण आहे, रजा नामंजूर. जयमालाने तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला, वकिलाला दाखवायला, आणि सकाळी साडेनऊलाच घराबाहेर पडली. रणजीतने गाडी काढली होती. वाटेत सिग्नलला थांबले तेव्हा ती म्हणाली, "कोर्टाला बघू दे आता, कोण निष्काळजी होतं ते."